बाई, माझी बातमी झाली

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट विसाच्या आत. मी मूळची माणदेशातली, नोकरी लागली ती थेट कोकणात. गेली काही वर्षं आमच्या शाळेतली मुलं दर महिन्याला चार पानांचं वर्तमानपत्र काढतात. नाव त्यांनीच मतदान घेऊन ठरवलंय. ते इथे देत नाही, कारण नावावरून वाडी आणि वाडीवरून मुलं ओळखू येतील. पण अंक कसा निघतो आणि एवढी लहान मुलं लेख कशी लिहितात, हे बरेच शिक्षक विचारत असतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात पत्रकार दिनाला झाली. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं आणि ते बाळशास्त्री आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तिथे त्यांचं स्मारक आहे. आमच्या बहुतेक मुलांना पोंभुर्लं ठाऊक, कोणाची मावशी तिथे दिलेली, कोणाची आत्या. त्यामुळे परिपाठात मी 'दर्पण'ची गोष्ट सांगितली तेव्हा ती दूरच्या थोर माणसाची न वाटता शेजारच्या गावातल्या माणसाची वाटली. पानावर दोन रकाने असत, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी, हे सांगितल्यावर चौथीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, मगे आपण पण काढूया. एका बाजूक तुमची मराठी, दुसऱ्या बाजूक आमची." ठरवून आखलेला उपक्रम नव्हता हा. पण तिच्या बोलण्यात मला पुढचं सगळं दिसलं आणि मी त्याच दिवशी फळ्यावर पानं आखली.

पहिल्या अंकाची मुख्य बातमी अर्थातच २६ जानेवारी. चौथीतल्या एका हुशार मुलानं ती लिहून आणली: 'आमच्या शाळेत प्रजासत्ताक दिन मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला. मान्यवरांच्या हस्ते ध्वजारोहण झाले. शेवटी आभारप्रदर्शन करून कार्यक्रमाची सांगता झाली.' एकही शुद्धलेखनाची चूक नाही. निबंधाच्या वहीत असतं तर मी 'छान' लिहून पुढे गेले असते. पण ही बातमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही लिहिता आली असती. मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "तू कुठे उभा होतास?" "झेंड्याच्या फुड्यात." "मग तुला काय दिसलं?" तो जरा घुटमळला. मग हळूहळू बाहेर आलं: दोरीची गाठ सुटेना. पाहुण्यांनी ओढली, पुन्हा ओढली. कोणी हसू नये म्हणून सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी हिसका बसला आणि झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या, त्यातली एक पाहुण्यांच्या चष्म्यावर अडकली. त्यांनी ती काढली नाही, तसंच राष्ट्रगीत पूर्ण केलं.

"हे लिही," म्हटलं. "असा लिवतत?" त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आपण पाहिलेलं लिहिण्याजोगं असतं यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. चार वर्षं आपण मुलांना निबंधाचा साचा देतो, मग त्यांच्या डोळ्यांवरचा त्यांचाच भरवसा उडतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. प्राथमिक शाळेत वर्तमानपत्र काढायचं ते पत्रकार घडवायला नव्हे. मुलानं स्वतः पाहिलेलं, स्वतः विचारलेलं लिहावं आणि ते वाचायला बाईंखेरीज आणखी कोणी असावं, यासाठी ते काढायचं.

आता कामाची पद्धत. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ झाला की सगळी गोल बसतात. ज्याच्याकडे बातमी असेल त्यानं ती तोंडी सांगायची. लिहून आणायची नाही, आधी सांगायची. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं, हे पत्रकारितेतले सहा ककार आम्ही भिंतीवर लावलेत आणि पहिलीच्या मुलांनाही ते पाठ आहेत. पण खरं काम सातव्या गोष्टीनं होतं. प्रत्येक बातमीवर गटानं असा एक प्रश्न काढायचा, ज्याचं उत्तर बातमी आणणाऱ्याकडे नाही. मग त्यानं परत जाऊन ते उत्तर आणायचं. ते आणलं की मगच लिहायला बसायचं.

पहिली-दुसरीची मुलं सांगतात, तिसरी-चौथीची लिहून घेतात. दोन शिक्षकांच्या शाळेत सगळे वर्ग एकत्र बसतात याची एरवी तक्रारच ऐकू येते. इथे मात्र तेच उपयोगी पडतं. लिहून घेणाऱ्या मोठ्या मुलाला ऐकावं लागतं आणि धाकट्याला आपलं बोलणं कागदावर उतरताना दिसतं. सहा महिन्यांत पहिलीतली मुलं म्हणायला लागतात, "माका लिवूक दी."

मी काय दुरुस्त करायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घेतलं. ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं यांवर पेन्सिलीनं खूण करते, दुरुस्ती मूल करतं. वाक्याला हात लावत नाही. वाक्य कळत नसेल तर "हे मला कळलं नाही, तोंडी सांग" म्हणते. तोंडी सांगितलेलं जवळजवळ नेहमीच लिहिलेल्यापेक्षा सरळ असतं. आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत लिहायचं, अवतरणचिन्हांत. आजी मालवणीत बोलली असेल तर तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घालायची नाही.

छपाईचं सांगायचं तर ए-थ्री कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. मुलं पक्की प्रत काळ्या पेननं लिहितात, कारण निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते आणि पेन्सिल तर येतच नाही. चारही बाजूंना बोटभर जागा सोडायची, नाहीतर मशीन कडेची अक्षरं खातं. चित्रंही काळ्या पेननंच. तालुक्याला जाईन तेव्हा मी प्रती काढून आणते, खर्च शाळा व्यवस्थापन समितीतले पालक वर्गणी काढून करतात. संगणकावर टाइप करून द्यायला कितीतरी जण तयार आहेत, पण मुलांचं अक्षर जायला नको म्हणून आम्ही हातानंच लिहितो.

एक बातमी जरा तपशिलात सांगते, कारण तिनं आम्हा सगळ्यांनाच शिकवलं.

थंडीचे दिवस होते. तिसरीतली एक मुलगी धावतच आली. "बाई, वाडीत वाघ इलो!" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मुलं एकदम उसळली. पहिल्या पानाचं डमी तयार होतं, त्यावरचं चित्र खोडून कोणीतरी वाघ काढायलाही घेतला. मी विचारलं, "कोणी पाहिला?" "वरच्या घरातल्या काकींनी." मग प्रश्न निघाला: काकींनी नेमकं काय पाहिलं? संध्याकाळी ती आणि तिची मैत्रीण, सोबत तिचा दादा, असे तिघं काकींकडे गेले. काकी म्हणाल्या, "मी खय बघलंय? दूधवाल्यान सांगल्यान." दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं. त्यानं देवळाजवळच्या घरातून ऐकलं होतं. देवळाजवळच्या घरात कळलं की त्यांचा कुत्रा दोन रात्री घरी आलेला नाही आणि मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या खोपटाच्या, मागे पानं विस्कटलेली दिसली. पाऊल उमटलेलं कोणी दाखवू शकलं नाही. गुरगुर ऐकल्याचं एकानं सांगितलं, पण ती कधीची ते त्याला आठवेना.

शनिवारी ती मुलगी गोलात बसली तेव्हा रडवेली झाली होती. "बाई, माझी बातमी गेली." मी काही बोलायच्या आत चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गेली नाय. कुत्रो गेलो मां, ती बातमी." आणि मग तिनं जे लिहिलं ते मी जसंच्या तसं उतरवते:

'वाडीत वाघ आला असे लोक म्हणतात. आम्ही चार घरांत विचारले. वाघ मी पाहिला असे कोणीच म्हणाले नाही. सगळ्यांनी दुसऱ्याकडून ऐकले आहे. पण देवळाजवळच्या घरातला कुत्रा खरोखर हरवला आहे. तो तांबडा आहे. त्याचा एक कान कापलेला आहे. कोणाला दिसला तर सांगा. अंधारात एकट्याने जाऊ नका.'

आठ वर्षांच्या मुलीनं लिहिलेल्या या बातमीत काय नाही? ऐकीव काय आणि पाहिलेलं काय, हे तिनं वेगळं केलं. हरवलेल्या कुत्र्याची खूण दिली. शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे, कोणी सुचवलेलं नाही. वाघ नाही असंही ती म्हणत नाही, कारण तेही तिला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मोठ्यांच्या मोबाइलवर कुठलेतरी बिबट्याचे फोटो 'आपल्या गावातला' म्हणून फिरत होते. आमच्या चार पानांतली बातमी त्यांच्यापेक्षा खरी होती, आणि हे वाडीतल्या लोकांनी बोलून दाखवलं.

दुसरी बातमी गळक्या नळाची. शाळेच्या टाकीचा नळ कितीतरी दिवस ठिबकत होता. सगळ्यांना ते दिसत होतं, म्हणूनच कोणाला दिसत नव्हतं. एका मुलानं 'नळ गळतो, पाणी वाया जाते' एवढं लिहून आणलं. गटानं विचारलं, "किती?" मग त्यानं एक लिटरची बाटली नळाखाली धरली आणि वर्गातल्या घड्याळाकडे बघत बसला. बाटली भरायला १२ मिनिटं लागली. तासाला ५ बाटल्या, दिवसाला १२० लिटर. गुणाकार त्यानं दोनदा पडताळला, कारण आकडा त्याचा त्यालाच खरा वाटेना. अंक घरोघरी गेल्यावर एका मुलीचे बाबा पाना आणि नवा वायसर घेऊन आले, दहा मिनिटांत काम झालं. पुढच्या अंकात त्याच मुलानं लिहिलं, 'आता बाटली भरत नाही.'

अंक मुंबईलाही पोहोचतो, हे आम्हाला नंतर कळलं. वाडीतल्या निम्म्या घरांचे कर्ते पुरुष मुंबईत आहेत. कोणीतरी पानांचे फोटो काढून चाकरमान्यांच्या गटावर टाकले आणि व्हॉइस मेसेज यायला लागले: "साकवाचा काय झाला ता लिवा." "देवळाचो रंग खयचो दिलो?" घाटकोपर-भांडुपला राहणारी माणसं तिसरीतल्या मुलाला प्रश्न विचारतायत आणि तो साकवावर, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलावर, जाऊन किती फळ्या निखळल्यात ते मोजून येतोय. लिहायला कंटाळणारी मुलं त्या एका कारणानं लिहायला लागलेली मी पाहिली आहेत. वाट बघणारा वाचक असला की लिहावंसं वाटतं, मग तो वयानं केवढाही असो.

त्यातूनच दुरुस्तीचा रकानाही आला. एका मुलानं त्याच्या शेजारच्या आजीवर सुंदर लेख लिहिला होता, ती सुपं आणि रोवळ्या कशा विणते त्यावर. पण वय लिहिलं ८५. आजी काठी टेकत शाळेत आली. "माका एवढी म्हातारी केलंस?" तिच्या हिशेबानं तिचं वय ७८ होतं. मुलानं तिथेच तिची माफी मागितली आणि पुढच्या अंकात चौकट टाकली. आता मुलं वय विचारतातच, शिवाय घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारून घेतात.

काय छापायचं नाही, हाही प्रश्न येतोच. मुलं घरातलं सगळं बोलतात. भांडणं, कर्ज, कोणाचं पिणं. एकदा एका मुलीनं असं काही लिहून आणलं की वाचून माझ्या घशाशी आवंढा आला. ते लिहिणं खरं होतं आणि चांगलंही होतं. मी तिला सांगितलं की हे तू फार नीट लिहिलंयस आणि ते तुझं आहे, अंकात जाणार नाही. तिच्यासाठी मी वेगळी वही दिली. तिच्या आईशीही बोलले. तेव्हापासून मुलांशी चर्चा करून आम्ही ठरवलंय की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, आणि घरातल्या माणसाला लाज वाटेल असं काही छापायचं नाही. पण जाहीर गोष्टींना हा नियम लागू नाही. नळ, साकव, रस्ता यांबद्दल लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

आंब्याच्या हंगामात आमचा पट एक-दोन मुलांनी वाढतो. इथल्या बागांत राखणीला, कामाला नेपाळी कुटुंबं येतात आणि त्यांची मुलं आमच्याकडे बसतात. त्यातला एक मुलगा पहिल्या महिन्यात एक शब्द बोलला नाही. शनिवारच्या गोलात तो मागे बसायचा. एका शनिवारी त्याच्या पुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि म्हटलं, तुला येतं तसं लिही. त्यानं लिहिलं, 'मेरो घर पहाडमा छ।' बाकीची मुलं कागदावर ओणवी झाली. लिपी तर आपलीच! तिसरीतल्या मुलीनं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ओरडली, "ह्याचा घर डोंगरात आसा!" तो पहिल्यांदा हसला. मग प्रश्नांचा पाऊस. डोंगरात बर्फ पडतो का, आंबे होतात का, इथे यायला किती दिवस लागतात. तो अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करून सांगत राहिला. त्या अंकात मराठी आणि मालवणीच्या शेजारी तिसरा रकाना आखावा लागला, तो नेपाळी. बागेतल्या खोपीत त्याच्या वडिलांनी तो अंक भिंतीला चिकटवलाय, मी जाऊन पाहिलाय. मुलाच्या शाळेचा कागद त्यांना वाचता आला होता.

मुलाखती हा मुलांचा सगळ्यात आवडता प्रकार. जत्रेच्या दिवसांत दशावताराची मंडळी आली की आमचे बातमीदार रंगपटात हजर. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, हे मुलांना मुलाखतीतूनच कळलं. दुसरीतल्या एका चिमुरड्यानं संकासुर या राक्षसाचं काम करणाऱ्या काकांना विचारलं, "तुमका भीती वाटता?" ते म्हणाले, "पयल्यांदा झालंय तेवा भियालंय. तोंडार काळो कपडो, म्होरला कायच दिसा नाय." मुलाखत आणखी बरीच होती, पण मुलांनी मथळा तोच केला: 'संकासुर पण घाबरतो'.

अशी धडपड आपण पहिल्यांदा करतोय असं मला कधीच वाटलं नाही. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, रोज, स्वतःच्या हातानं. दैनिक! मी महिन्याला एक अंक काढताना दमते. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली, वर्गात फार वेळ बोलणं त्याला जमेना. १९२०च्या दशकात त्यानं वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं आणि मुलांनी स्वतः लिहिलेले मजकूर मुलांच्याच हातून छापून घेतले. शिवाय दूरच्या दुसऱ्या शाळेशी त्यांची देवाणघेवाण सुरू केली. त्याची मुलं डोंगराकडची, पलीकडची मुलं समुद्राकाठची.

हे वाचलं तेव्हा मला माझं माण आठवलं. तिथल्या एका प्राथमिक शाळेत माझी मैत्रीण शिकवते. यंदापासून आमचा अंक तिच्या शाळेत जातो आणि तिच्या मुलांनी लिहिलेली पानं पोस्टानं आमच्याकडे येतात. त्यांनी मेंढ्या कातरण्याबद्दल लिहिलं, गावात टँकर येतो त्या दिवसाबद्दल लिहिलं. आमच्या मुलांनी टँकरची बातमी वाचली तेव्हा वर्गात बराच वेळ चर्चा चालली होती. इथे चार महिने पाऊस थांबत नाही आणि तिथे पाणी गाडीतून येतं, हे भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतंच, पण आता ते सांगणारं कोणीतरी त्यांच्याच वयाचं होतं. नळाची बातमी लिहिणाऱ्या मुलानं लगेच विचारलं, "त्यांच्या टँकरात किती लिटर?" ते पत्रानं विचारलंय.

तिकडून आलेल्या ताज्या पानांवर आमच्यासाठी प्रश्न आहेत. समुद्राचं पाणी रोज मागे जातं ते कुठे जातं? खेकडा पुढे का चालत नाही? वाळूत झोपलं तर काय होतं? येत्या शनिवारी गोलात उत्तरं वाटून घ्यायची आहेत. भरती-ओहोटीचं उत्तर एकीनं आधीच मागून घेतलंय, तिचे आजोबा होडीवर जायचे. खेकड्यासाठी मात्र चार उमेदवार आहेत, आणि चौघांचंही म्हणणं एकच: पुस्तकात बघायचं नाही, ओहोळावर जाऊन बघायचं. मी त्यांना पालकांची चिठ्ठी आणायला सांगितली आहे.